मी जागा सांगितली

१२ डिसेंबर, शुक्रवार

जालन्याच्या लग्नाचे फोटो उरकून दुपारी औरंगपुऱ्यात दुकान उघडलं. अंग नुसतं ठणकतंय. तरी मुक्ताचा मोठा प्रिंट आज भिंतीवर लावलाच. खिळा दोनदा वाकला. काखेत कोकरू, मागं पदर धरून तिची लेक ठकी, वाळलेली पऱ्हाटी, आणि मुक्ता सरळ कॅमेऱ्यात बघतेय. इतकी वर्षं तांडे, पालं, जत्रा फिरले, पण असं कुणी बघितलं नव्हतं माझ्याकडं. मेंढरांच्या मुक्कामावर चार दिवस राहिले त्याचं चीज झालं.

पाचच्या सुमारास एक जण पासपोर्ट फोटोला आला. तिशी-पस्तिशीचा, गळ्यात तपकिरी मफलर, बोलणं मऊ. फोटो काढला. उठताना भिंतीकडं लक्ष गेलं आणि तिथंच थांबला.

'बाई कुठली हो ताई?'

आणि मी सुटले. कौतुक करणारा भेटला की माझं असंच होतं. करमाडच्या पुढं, डांबरी सोडून डावीकडं, कपाशीच्या रानात. मामाचा कळप आहे तिच्या, दोनशे मेंढरं, दोन घोडी. सगळं सांगितलं.

'पोरगी तिचीच का?'

'हो, ठकी. फार गोड आहे.'

'मोठी झाली असंल,' म्हणाला.

आत जाऊन त्याचे फोटो कापून आणले तर खुर्ची रिकामी. न घेताच गेला.

मोठी झाली असंल. असं का म्हणाला?

१३ डिसें.

सकाळी चहा गाळताना आठवलं आणि हात तिथंच राहिला. फोटो काढायच्या आधी मुक्ता म्हणाली होती, 'काढ. पण खाली गावात कुणाला दावू नको.' मी हसले होते. लाजतेय असं धरलं. लाजणारी बाई अशी बघते का कॅमेऱ्यात?

मामांचा फोन बंद. दहा वेळा लावला. दुकानात जाऊन प्रिंट खाली काढला, उलटा करून कपाटामागं ठेवला. आता काय उपयोग.

आईला सांगितलं. मेथी निवडत होती.

'तिनं नको म्हटलं होतं ना?'

'अगं, गावात म्हणजे करमाडला असं मला...'

'सुजे, तुला कळलं होतं.'

परत मेथीत हात घातला. कळलं होतं का? थोडं कळलं होतं. प्रिंट फार चांगला आला होता.

१४ डिसें., रविवार

स्कूटी घेऊन करमाडला गेले. रान रिकामं. लेंड्या, चुलीचे तीन काळे दगड, एक तुटलेली दोरी. शेतमालक बांधावरच भेटला. ज्याच्या रानात मेंढरं खतासाठी बसवली होती तोच.

'आठ दिस झाले जाऊन. लाडसावंगीला जातो म्हणला म्हातारा. काल अजून एक जण आलता इचारत, जीप घेऊन. मी नवरा हाय म्हणला.'

नवरा.

मुक्तानं नवऱ्याचं नाव काढलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. गोंदण कुठं काढलं, घोंगडी कुणी विणली, कोकराचं नाव काय, हे सगळं विचारलं.

लाडसावंगीच्या रस्त्याला लागले. मागं एक पांढरी जीप. मी हळू केली तर तीही हळू. पुढं जाईना. पुढं दोन्ही बाजूला नुसती तूर, माणूस नाही. हँडल घामानं निसटायला लागलं. तेवढ्यात डावीकडं कापूस वेचणाऱ्या बाया दिसल्या. स्कूटी बांधाला आडवी टाकली आणि सरळ त्यांच्यात घुसले. जीप थांबली. काच खाली झाली नाही. थोड्या वेळानं गेली. तो होता की दुसरंच कुणी, सांगता येणार नाही.

बायांनी पाणी दिलं. त्यातली एक थोराड बाई बराच वेळ मला न्याहाळत होती. 'त्या जीपवाल्याची कोन तू?' कुणी नाही म्हटलं, रडायला आलं. मग तिनं सांगितलं, 'कळप लाडसावंगीला न्हाय गेला. म्हातारा उलटंच सांगत असतो समद्यांना. आमच्या जावंच्या रानात बसलाय, नाल्याच्या पल्याड. काल त्या जीपवाल्याला आमी न्हाय सांगितलं. लई गोड बोलत व्हता.'

ऊन उतरलं होतं. परत फिरले. एकटीनं पुढं जायची हिंमत झाली नाही, हे खरं.

१५ डिसें.

आई म्हणाली मी येते. गुडघे दुखतात, नको म्हटलं. लुगड्याचा काष्टा खोचून मागं बसलीसुद्धा. मांडीवर भाकरीचा डबा.

कळप सापडला. आधी कुत्री अंगावर आली, मग मामांची काठी दिसली, मग मामी. मामींनी मला ओळखलं तशी हसल्या. आईकडं बघून विचारलं, 'तुमी कोन व्हं?'

'आम्ही जय भीमवाले.'

मामी थोडं थांबल्या. मग चुलीवरचा शेळीच्या दुधाचा चहा आधी आईच्याच हातात दिला, आपल्याच पेल्यात. आईनं पेला दोन्ही हातांनी धरला.

मी त्याचा पासपोर्ट फोटो काढून मुक्तासमोर धरला. तिनं एकदाच बघितलं. मग कोकरं जाळीत कोंडायला लागली, जसं काही झालंच नाही. हात मात्र गाठ बांधत होते आणि ती सुटत होती.

मामींना कळायला वेळ लागला. कळल्यावर माझ्याकडं वळल्या. 'आमी तुला चार दिस जेवू घातलं. आन् तू आमचा माग दिलास व्हय?'

मी फोटो परत पिशवीत टाकला.

मुक्तानंच सांगितलं, कोकराच्या अंगावरून हात फिरवत. 'मारत न्हवता तो. वरडत बी न्हवता. कामाला जाताना भायेरून कुलूप लावायचा. मला आन् हिला. म्हनायचा, बाहेर लोक वाईट असत्यात. एकदा तीन दिस आलाच न्हाय. रांजण सुकला. ही रडायची बंद झाली तवा मी पत्रा उचकटला.' मग म्हणाली, 'वरडणाऱ्याचं कळतं तरी, आता वरडंल म्हणून. ह्याचं कळतच न्हाय.'

तीन वर्षं झाली त्याला. ठकी तेव्हा तीन वर्षांची होती, आता सहाची.

मामा म्हणाले आज पुढं सरकू. मुक्ता म्हणाली, 'सरकून कुठं जायाचं मामा? दोनशे मेंढरं कुठं लपत्यात?' आणि आईकडं वळून, 'ठकीला न्या. त्याला तुमचं दुकान ठाव हाय, घर न्हाय.'

मला नको म्हणायचं होतं. भीती वाटली, लिहायला काय लाज. पण आई तोवर 'नेते' म्हणून बसली होती.

स्कूटीवर आम्हा दोघींच्या मध्ये ठकी.

१७ डिसें.

परवा घरी पोचताच मी कडी लावली. ठकी जिथं होती तिथं उभीच राहिली. रडणं नाही, काही नाही, फक्त डोळे दारावर. हात थंडगार. आईनं कडी काढली तसा तिनं श्वास घेतला.

म्हणजे मला दार बंद पाहिजे आणि तिला उघडं.

आईनं उंबऱ्यात पाट टाकला. दिवसभर तिथंच बसून असते. भाजी तिथं, तांदूळ निवडणं तिथं. विहारात वंदनेला गेली नाही, विचारायला आलेल्या बायांना म्हणाली पाय दुखतोय. ठकी तिच्या पाठीला टेकून बसते. आज दुपारी मेंढरांना हाकायचा आवाज काढून दाखवला तिनं आईला. आईला जमेना. दोघी हसल्या.

मी मोटारसायकल वाजली की खिडकीत.

१८ डिसें.

तो आला दुकानात.

'फोटो राहिले व्हते ना ताई.'

पाकीट दिलं. त्यानं ते न उघडताच खिशात घातलं. मग भिंतीवरचा नुसता खिळा बघितला.

'काढला व्हय?'

'विकला.'

'कुणाला?'

'पुण्याच्या माणसाला.' खोटं मला कधीच जमलेलं नाही.

खुर्चीवर बसला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. समोरच्या चप्पलवाल्याचं दुकान उघडं आहे, ओरडलं तर ऐकू जाईल, एवढंच डोक्यात. तो मात्र शांत. 'पोरगी माझी हाय ताई. तिला बघून तीन वर्सं झाली. मी काय वाईट माणूस दिसतो का तुमाला?' पिशवीतून खोका काढला. लाल सँडल. तीन वर्षांच्या पोरीला येतील एवढ्या. ठकीला त्यात बोटंसुद्धा घालता येणार नाहीत.

वाईट वाटलं मला त्याच्यासाठी. हे लिहून ठेवते, कारण त्यानंच मी जास्त घाबरले. अजून दोन मिनिटं बसला असता तर मी बोलले असते.

'तुमी राहता कुठं?' जाताना सहज विचारल्यासारखं. मी म्हटलं लांब. बाहेर जाऊन त्यानं दुकानाच्या पाटीचा मोबाइलवर फोटो घेतला. खाली माझं नाव आहे, नंबर आहे.

घरी सरळ गेले नाही. गुलमंडीतून फिरून, दोन रिक्षा बदलून.

१९ डिसें.

पोलिसांच्या महिला कक्षात गेले. तिथल्या बाई चांगल्या होत्या, ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'मुलगी तुमच्याकडं आहे? आईचं काही लिहून घेतलंय? उद्या बापानंच तक्रार केली, माझी मुलगी पळवली म्हणून, तर?'

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

'आईला घेऊन या. तिनं स्वतः सांगायला पाहिजे. तिचा अर्ज झाला की आम्ही त्याला बोलावू.'

संध्याकाळी अनोळखी नंबर. उचलायला मन धजेना. उचलला तर मामा होते, कुणाच्या तरी फोनवरून. त्यांचा नाल्यात पडलाय. सगळं सांगितलं. मुक्ता रविवारी येईल म्हणाले, सकाळच्या फुलंब्रीकडच्या गाडीनं.

मुलगी पळवली. हा शब्द डोक्यातून जात नाही. फोटो काढायला गेले होते मी.

२१ डिसें., रविवार

स्टँडवर सकाळी आठ ते दीड. फुलंब्रीकडच्या सगळ्या गाड्या बघितल्या. मुक्ता नाही. मामा ज्याच्या फोनवरून बोलले होते तो माणूस म्हणतो, कळप कालच हलला, बाई पहाटेच निघाली.

पहाटे निघालेली बाई दीडपर्यंत कुठं असते?

गल्लीच्या तोंडाशी किराणावाले चाचा. 'बेटी, एक आदमी तुमारे घर का पूछ रा था. गले में मफलर. मैंने बोला नै मालूम. पर वो उधरीच गया.'

स्कूटी तिथंच टाकून पळाले. आई उंबऱ्यात. पुढ्यात तांदळाचं सूप. मागं ठकी दिसेना.

'आला होता?'

'आला होता. पाणी मागितलं. दिलं.'

'आई!'

'तहानलेला होता. पिऊन विचारलं, घरात कोण कोण असतं. म्हटलं मी आणि माझी लेक. बराच वेळ उभा होता. मी पाटावरून हलले नाही. त्याला आत यायचं तर मला ओलांडून यावं लागलं असतं.'

'ठकी?'

ज्वारीच्या कोठीमागं बसली होती. आवाज ऐकला होता तिनं. त्यानं तिला बघितलं का? आई म्हणते नाही. मग म्हणते, मला तरी नाही वाटत. सूप उचलायला गेली तेव्हा सगळे तांदूळ सांडले. तेव्हा कळलं आईपण घाबरते.

२२ डिसें.

मुक्ता आली! सकाळी अकराला, चालत, हर्सूलकडून. काल बसमध्ये पुढच्या सीटवर तपकिरी मफलर दिसला म्हणून मध्येच उतरली. तोच होता का? 'तोंड बघाया थांबलेच न्हाय.' एका मंदिराच्या ओसरीवर राहिली. पायांना फोड आलेत.

ठकी तिच्याकडं पळत गेली नाही. हळू गेली आणि पदर धरला, बस.

मी माफी मागितली. आठ दिवस पाठ केलेलं होतं, दोनच शब्द निघाले. मुक्ता पायाला तेल लावत होती. 'तू न्हाय तर दुसरं कुनी सांगितलं असतं,' म्हणाली. मग दुसरा पाय पुढं घेऊन, 'पर तू सांगितलंस.' दोन्ही खरं आहे.

उद्या जायचं ठरलं. आईनं विचारलं, भीती वाटते का? मुक्ता म्हणाली, 'त्याच्या म्होरं माझं बोलनंच बंद व्हतं मावशी. जीभच उचलत न्हाय.'

२३ डिसें.

महिला कक्षाबाहेरच्या बाकावर लिहितेय. मोबाइलच्या बिलामागं, जागा कमी आहे. घरी गेल्यावर उतरवीन.

आम्ही पोचलो तर तो आधीच बसलेला. हातात स्वतःचा अर्ज, टाइप केलेला. मला बघून उठून नमस्कार केला. मुक्ता माझा दंड धरून उभी, नखं रुतली. ठकीला आईनं विहारातल्या बायांत नेऊन बसवलंय, तेवढं बरं केलं. त्यानं विचारलंच, 'पोरगी न्हाय आणली?'

मुक्ता माझ्या मागं सरकली. मग माझ्याकडं बघत म्हणाला, 'ताई, माझा फोटो चांगला आला व्हता. अर्जाला तोच लावलाय.'

दोघांना आत बोलावलं. मी उठले तर बाई म्हणाल्या तुम्ही बाहेर थांबा. मुक्तानं दंड सोडला. मागं वळून बघितलं नाही.

वीस मिनिटं झाली. भिंतीपलीकडून एकच आवाज येतोय. त्याचा. संथ, मऊ, शब्द कळत नाहीत. मध्ये बाई काहीतरी विचारतात. तो उत्तर देतो. मुक्ता नाही. अजून मुक्ता नाही. आत जावं का? हाकलतील. जीभच उचलत नाही म्हणाली होती. काय केलं मी हे, सगळ्या...

थांब.

तिचा आवाज. बारीक. बाई म्हणतात मोठ्यानं बोला. तो मध्येच काहीतरी म्हणाला. 'तुमी गप बसा,' हे मुक्ता म्हणाली. स्पष्ट ऐकलं.

आता रांजणाचं सांगतेय.

अजून बोलतेय.