मी ठीक आहे

४ मे
आलो बुवा एकदाचा! अडतीस वर्षं मिनेसोटात बर्फ तुडवत टपाल वाटलं. आता जन्मात पुन्हा फावडं हातात धरणार नाही, अशी शपथ घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात घर केलंय. कॉलनी साठीच्या पुढच्यांची. घरं बुटकी, सगळी एकाच रंगाची, अंगणात हिरवळीऐवजी खडी. समोरच्याने हौसेने खडीच हिरवी रंगवली आहे. शेजारची मॅक्सीन प्रुएट, सत्तरी ओलांडलेली विधवा, लिंबाचा केक घेऊन आली. मी टपालवाला होतो म्हटल्यावर म्हणाली, अरे वा, म्हणजे आमचा कुत्रा मेला ते तुझं नशीबच म्हणायचं. फटकळ बाई आहे. मला आवडली.

११ मे
इथला दिवस पहाटे पाचला सुरू होतो. आधी चालणं, मग सहाला पोहण्याच्या तलावात कंबरभर पाण्यात व्यायाम. त्यात बायका अकरा आणि पुरुष मी एकटा. मॅक्सीन सगळ्यांदेखत म्हणते, व्हर्लिन, तुझ्यापेक्षा ओंडका बरा तरंगतो. दहानंतर घरात, कारण उन्हाने तापलेलं गाडीचं स्टिअरिंग हातमोजे घातल्याशिवाय धरवत नाही.

गल्लीचा प्रमुख रॉइस टिडवेल एक हिरवी पाटी देऊन गेला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘मी ठीक आहे’. एकट्या राहणाऱ्याने ती सकाळी आठच्या आत दाराच्या मुठीला अडकवायची, संध्याकाळी आत घ्यायची. पाटी दिसली नाही तर रॉइस किल्ली घेऊन येतो. मागे एका बाईचा एसी बंद पडला आणि चार दिवस कोणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून ही पद्धत. पाटी असेल तर मात्र दार वाजवायचं नाही, लोकांच्या झोपा मोडतात. मला हायसं वाटलं. एकटं मरायची मला फार भीती वाटते. हे कारिनला, माझ्या मुलीला, कधी सांगितलेलं नाही.

२ जून
अर्धी गल्ली उन्हाळ्यापुरती उत्तरेला गेली. पारा एकशे दहा फॅरनहाइटच्या वर. मॅक्सीन तीन दिवस तलावावर आली नाही. पाटी मात्र रोज दारावर. रॉइसला सांगितलं तर म्हणाला, पाटी आहे ना? मग बाई ठीक आहे, उगाच नाक खुपसू नका.

दुपारी मी तरीही दार वाजवलं. आतून कोणीतरी ठोकलं. भराभर, दोन्ही मुठींनी, दाराच्या अगदी खालच्या बाजूला. मी कान लावतोय तोच पाठीमागून मॅक्सीन म्हणाली, कोणाचं घर फोडताय? खांद्यावर ओला टॉवेल, हातात किल्ली. म्हणाली, हल्ली मी दुपारी पोहते. आत कोण आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, आत कोण असणार, मिस्टर हाउगेन?

ती मला कधीच मिस्टर हाउगेन म्हणत नाही. मी ओशाळून घरी आलो.

९ जून
ती भर दुपारी उघड्या डोक्याने चालते. अंगावर घामाचा थेंब नाही. आज तिच्या दारावरून गेलो. आत शांत होतं. त्या आवाजाबद्दल रॉइसला सांगायला हवं होतं. हसतील म्हणून गप्प बसलो.

१९ जून
सकाळी पाटी लावायला दार उघडलं तर ती आधीच लावलेली. संध्याकाळी आत घ्यायला विसरलो असेन.

२१ जून
काल पाटी कपाटात कुलूपबंद केली. आज सकाळी दारावर. कपाटाचं कुलूप तसंच, आत पाटी नाही. कारिनला फोन करून सगळं सांगितलं, भीतीसुद्धा. ती म्हणाली, बाबा, मी शनिवारी येते, तू घाबरू नकोस. फोन ठेवून मी रडलो.

२२ जून
दार उघडत नाही. मूठ फिरते, दार हलत नाही. खिडक्याही. हातोड्याचा दांडा मोडला, काचेवर ओरखडा नाही.

सातला पायरीवर एक माणूस दिसला. माझी गवती टोपी, माझा निळा शर्ट. पाटी अडकवत होता. रॉइस जाता जाता म्हणाला, काय हाउगेन, आज स्वारी लवकर? तो काहीतरी बोलला. रॉइस खो खो हसला. मी काच बडवत होतो. रॉइसने सरळ माझ्याकडे पाहिलं — आणि काचेत बघून केस नीट केले.

२३ जून
काल दिवसभर फोन बंद होता, आज कारिनला लागला. म्हणाली, बाबा, आत्ताच तर बोललो आपण, विमानाची वेळ किती वेळा विचारशील? मी म्हटलं, तो मी नव्हतो — फोन मुका झाला.

२४ जून
एसी बंद. नळ कोरडा. संडासाच्या टाकीतलं पाणी प्यायलो.

मॅक्सीन, तेव्हा आत तूच होतीस. मी ऐकलं आणि घरी निघून —

२५ जून
उभं राहवत नाही. फरशीवर, दाराशी. उद्या शनिवार. कारिनला कळेल. स्वतःच्या बापाला ओळखणार नाही का —

शनिवार
गाडी. तिचा आवाज. तो पायरीवरच होता. ती म्हणाली, बाबा, किती छान दिसतोयस, मी उगाच घाबरून पळत आले.

ठोकलं. होतं नव्हतं तेवढं बळ लावून —

तिला ऐकू आलं. थांबली. म्हणाली, बाबा, आत कोण आहे?

तो माझ्याच आवाजात म्हणाला, कोणी नाही गं, उन्हाने नळ वाजतात. या गल्लीत सगळ्यांच्याच घरी वाजतात. चल, बाहेरच जेवू.

ती हसली. ठोकून ठोकून पाटी तिरकी झाली असावी. म्हणाली, थांब — आणि स्वतःच्या हाताने सरळ केली. दाराची मूठ खडखडली. माझ्या कानाशी, दाराच्या पलीकडे, तिचा हात —

गाडी सुरू झाली. कारिन, मी इथे —