तुमच्या सकाळच्या फिरण्यावर मी घेतलेला संशय

प्रिय अहो,

पत्रात तरी तुमचं नाव घ्यावं की काय, असं क्षणभर मनात आलं. पण बेचाळीस वर्षं 'अहो'वर निभावलं, आता कुठं नवी सवय लावून घेऊ!

तुम्हाला जाऊन चौदा महिने झाले. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आज बसले, त्याला कारण शालिनीबाई. काल दुपारी त्या घरी आल्या होत्या. चहा घेता घेता सहज बोलून गेल्या, की शाळेतला व्यायामाचा वर्ग मी बंद पाडला होता हे तुम्हाला ठाऊक होतं. अगदी पहिल्या दिवसापासून!

माझा चहा बशीतच निवला. अहो, तुम्हाला ठाऊक होतं? आणि तरीही तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत राहिलात, 'वरणाले आज चव आहे' म्हणत राहिलात, एका शब्दानं विचारलं नाही? अशी शिक्षा कोणी करतं का बायकोला?

रात्रभर मला तुमच्यावर नवाच संशय येत राहिला. अजून काय काय ठाऊक होतं तुम्हाला? म्हणून सगळं पहिल्यापासून मांडते. तुम्हाला माहीत नसलेलं एखादं तरी त्यातून निघालं, तर माझी थोडी लाज राहील.

शेत आपल्या लेकाच्या, प्रफुल्लच्या हाती दिलंत तेव्हा तुम्ही सहासष्टचे होता. आयुष्यभर कापसाच्या पऱ्हाटीत आणि तुरीत राबलेला माणूस, तो ओसरीवर खुर्ची टाकून बसला तो दोन वर्षं उठलाच नाही. पोट सुटलं, साखर वाढली. खाली बसलात की उठताना भिंत धरायचात आणि गुडघ्यांवर, तुमच्या त्या टोंगळ्यांवर, हात ठेवून 'आई गं' म्हणायचात. मी म्हणायची, वयच झालं, चालायचंच. किती सहज म्हणायची!

आणि मग तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एक दिवस तुम्ही सकाळी सहाला उठून दाढी केलीत.

दाढी! सोमवारची दाढी गुरुवारपर्यंत पुरवणारा माणूस रोज दाढी करू लागला. राळेगावहून पांढरे बूट आणले. केसांना तेल. सहाला जायचात आणि आठला यायचात. घामाघूम, पण चेहरा कसा, तर लग्नाहून परतल्यासारखा. आल्या आल्या दोन भाकरी जास्तीच्या. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डाराडूर.

"कुठं जाता जी?" मी विचारलं.

"फिराले."

"दोन घंटे? मी बी येतो मंग."

"तू कायले येतं? टोंगळे दुखते तुह्ये."

आता सांगा, यावर कोणत्या बायकोला संशय आला नसता? अंगणवाडीत मी तीस वर्षं काढली. लेकरू काही लपवत असलं की आधी नजर चुकवतं, मग भलत्याच गोष्टीची काळजी दाखवतं. तुम्ही दोन्ही केलंत.

त्यातच शेजारच्या कुसुमनं तेल ओतलं. "सुमनबाई, तुमचे मालक मास्तरीणबाईच्या अंगणात दिसले मले. खुर्ची उचलून घेऊन जाऊन राह्यलते." मास्तरीणबाई म्हणजे शालिनीबाई. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, त्रेसष्टाव्या वर्षीही पाठ ताठ. आपल्या घरची खुर्ची इकडून तिकडे न ठेवणारे तुम्ही त्यांच्या खुर्च्या वाहत होता!

मग मी तुमचे खिसे तपासले. हो, तपासले. सदऱ्यात एक चिठ्ठी निघाली, तुमच्याच अक्षरातली. 'उठबस बारा, भिंत दहा, डावा चार, उजवा नऊ.' डोकं चालेना. प्रफुल्लला दाखवली. त्यानं उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "आई, हे तं सट्ट्याचे आकडे दिसते."

म्हणजे बाई की सट्टा, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुमच्या मागोमाग निघाले. पायात चपला अडकत होत्या, टोंगळे बोलत होते, तरी निघाले. तुम्ही शाळेच्या मागच्या व्हरांड्यात शिरलात. मी कडुनिंबाआडून पाहिलं. सात-आठ म्हातारी माणसं ओळीनं उभी. प्रत्येकासमोर प्लास्टिकची एक खुर्ची. शालिनीबाई अंक म्हणत होत्या आणि सगळे जण एका पायावर उभे! तुमचा डावा पाय चौथ्या अंकाला डुगडुगला आणि तुम्ही खुर्ची धरलीत. तुमच्या शेजारी यशोदाबाई होती, तुमच्या मित्राची विधवा. ती तुम्हाला हसली आणि तुम्हीही हसलात.

तेव्हाच मी समजून घ्यायला हवं होतं. समजलं नाही असंही नाही. डावा पाय चार अंक, उजवा नऊ, चिठ्ठीतला हिशेब डोळ्यांसमोर लागला होता. पण ते हसणं! दोन वर्षांत घरात तुम्ही असे हसला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"या वयात नाचता काय? लाज वाटत नाही?" मी सगळ्यांसमोर ओरडले. "अन् तुम्ही वो मास्तरीणबाई, दुसऱ्याच्या माणसाले काय शिकवून राह्यल्या?"

तुम्ही खुर्ची जागेवर ठेवलीत आणि माझ्यासोबत घरी आलात. दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मी न्हाणीपुढचं अंगण झाडत होते, तेव्हा मागून म्हणालात, "सुमन, मांगच्या आखाडीच्या पावसात तू इथंच पडलती."

मी झाडू थांबवला.

"तू पडलती अन् मले तुले उठवता नाही आलं. दोन डाव करून पाह्यलं. वाकलो तं मीच पडन असं वाटे. वावरातून प्रफुल्ल येईपर्यंत तू चिखलात अन् मी बाजूले बसून. चाळीस वर्षं कापसाचे गाठोडे उचलले म्या. बायको नाही उचलता आली."

मी काय म्हटलं आठवतं? मी म्हटलं, "मंग मले सांगाचं ना." आणि झाडायला लागले. जवळ यावं, हात धरावा, एवढंही सुचलं नाही. सुचलं होतं हो. पण परवाच्या तमाशानंतर कोणत्या तोंडानं येणार होते?

खरी गोष्ट याच्या पुढची आहे. तमाशा केला त्याच दुपारी, तुम्ही बोलण्याच्या दोन दिवस आधी, मी शाळेत जाऊन आले होते. मुख्याध्यापक नवीन होते, भिडस्त. त्यांना म्हटलं, शाळेच्या आवारात बाया-माणसं मिळून असं करतात, गावात चर्चा आहे, उद्या कोणी पडलं-झडलं तर जबाबदारी कुणाची? चर्चा कसली, ती मीच होते! सोमवारपासून व्हरांड्याला कुलूप लागलं.

तुमच्या बोलण्यानंतर तरी परत जाऊन सांगायचं होतं. नाही गेले. 'मुख्याध्यापकच तसा आहे' असं तुमच्यासमोर म्हणत राहिले. आणि तुम्ही मान डोलावत राहिलात! काल शालिनीबाईंनी तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "बाई, तिले काही म्हणू नका. तिच्या मनात किडा आहे, तो आपल्या पायानं निंघून जाईन."

तीन आठवडे तुम्ही देवळाच्या पंचांकडे खेटे घातलेत. अखेर मारुतीच्या सभामंडपात वर्ग पुन्हा सुरू झाला. मग तुम्ही रोज विचारायचात, "चाल ना वं." आणि मी म्हणायची, "मले घरी का काम कमी आहे?" एकदा शालिनीबाईंनी याला उत्तर दिलं होतं. म्हणाल्या, कामात आपण रोज तेच तेच अंग वापरतो. ज्याला वापरत नाही ते गुपचूप अशक्त होत जातं, आणि पडायच्या दिवशीच कळतं. मला ते पटलं नाही. पटवून घ्यायचंच नव्हतं.

तुमची साखर कमी आली तर मला तपासणीच्या यंत्रावर संशय. भिंत न धरता उठलात तर वाटायचं, मला दाखवायला करता. सहा महिन्यांनी दोनदा चाळीस किलोचं सोयाबीनचं पोतं कडेला सरकवलंत, तेव्हाही मी कुरकुरले, कंबर मोडून घ्याल म्हणून. एकदा तरी 'वा!' म्हणायला काय झालं होतं मला?

मग तो आजार आला. स्वादुपिंडाचा, कधी नावही न ऐकलेला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. तुम्ही गेलात आणि गाव म्हणालं, एवढा व्यायाम करून काय मिळवलं? मीही म्हणाले. त्याहून वाईट सांगते, मला वाटलं व्यायामानंच झालं. तेराव्यानंतर यवतमाळला जाऊन डॉक्टरांना तोंडावर विचारलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "आजी, हा रोग व्यायामानं आला नाही. अन् व्यायामानं टळलाच असता, असंही मी म्हणणार नाही. पण या आजारात माणसं महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेली मी पाहतो. तुमचे मालक शेवटच्या नऊ दिवसांपर्यंत आपल्या पायानं न्हाणीत गेले. ते पाय त्यांनी कमावले होते."

खरं होतं. मी फक्त नऊ दिवस तुम्हाला उचललं. तेव्हाही तुम्ही म्हणत होता, "हळू, तुह्ये टोंगळे सांभाळ."

आता यशोदाबाईचं. हे तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. शाळेतला वर्ग सुटला तो तिचा सुटलाच. देवळात ती आली नाही. लोक बोलतील म्हणाली. मीच तर बोलले होते, सगळ्यांदेखत! तुम्ही गेल्यावर गेल्या पावसाळ्यात ती उंबऱ्याला अडखळून पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती खाटेवरच आहे. वर्गात येत राहिली असती तर पडली नसती का? डॉक्टरही खात्रीनं सांगू शकत नाहीत. पण संशय काही जात नाही, आणि या खेपेला तो माझ्यावरच आहे.

म्हणून आज सकाळी मी सभामंडपात गेले. शालिनीबाईंनी खुर्ची पुढे केली. हात न लावता खुर्चीवरून उठायचं, एवढंच. पहिल्यांदा उठलेच नाही. दुसऱ्यांदा अर्ध्यात बसले. तिसऱ्यांदा उठले आणि घाबरून परत बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला वाटलं चिडवतात. नंतर कळलं, तिथं पहिल्या दिवशी सगळ्यांसाठीच वाजवतात. तुमच्यासाठीही वाजवल्या होत्या म्हणे.

तिथून थेट यशोदाबाईकडे गेले. ती खाटेवर उशांना टेकून तांदूळ निवडत होती. मी दारातच सांगून टाकलं, "यशोदाबाई, शाळेतला वर्ग म्या बंद पाडलता."

तिनं ताटातून डोळे काढले नाहीत. "मले माईत आहे. अख्ख्या गावाले माईत आहे."

म्हणजे अंधारात मी एकटीच होते!

"मंग काही बोलली काहून नाही?"

"तू येशीन तवा बोलन म्हटलं." तिनं ताट बाजूला सारलं. "आता कायले आली? पाय धराले?"

"नाही," मी म्हटलं. "पाय उचलाले लावाले."

ती इतकी हसली की तिची सून धावत बाहेर आली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. शालिनीबाईंनी सकाळीच तिच्या डॉक्टरांना फोनवर विचारून सांगितलं होतं तेवढंच केलं. खाटेवर पडल्या पडल्या टाच सरकवत गुडघा वाकवायचा, पुन्हा सरळ करायचा. ती पाच वेळा करून थकली आणि मला दोन शिव्या दिल्या. चांगल्या ठसठशीत.

अहो, माझा स्वभाव बदलेल असं वचन देत नाही. उद्याच मी आपल्या सुनेच्या फोनकडे संशयानं पाहीन. पण हे वचन देते: रोज सकाळी सभामंडपात जाईन आणि तिथून यशोदाबाईकडे. ती आपल्या जोरावर खाटेच्या कडेला बसेपर्यंत एक दिवस चुकवणार नाही. ती बसली की तिला उभी करू. तिला धरायला माझ्या पायांत बळ हवं, म्हणून आधी मी उठायला शिकते.

तुमची,
सुमन