एक चक्रम, एक माजलेली

घाटंजी,
ता. २ नोव्हेंबर १९६१

चि. पुंडलिक यास,
अनेक आशीर्वाद.

रविवार, ता. २२ ऑक्टोबर, दुपारी पाऊण वाजता, तुझ्या नातवाच्या बारशाला, बायकांच्या भरल्या पंगतीसमोर उभा राहून तू मला चक्रम म्हणालास. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहिली. जन्मभर शाळेच्या घंटेवर जगलेल्या हेडमिस्ट्रेसची ही खोड आहे. तीही चक्रमपणात धर.

बाकी क्षेम. माझा खोकला गेला. सूनबाईसाठी डिंकाचे लाडू पाठवले होते, ते पोचले की वाटेत कोणी खाल्ले, हे तुझ्या घरातून कोणी कळवलेलं नाही. बाळ रात्री सगळ्यांना जागवतं का? जागवत असेल तर तुझ्यावर गेलं आहे.

शब्दाचं मला वाईट वाटलं असं समजू नकोस. मला असल्या शब्दांची सवय आहे. लग्न केलं नाही तेव्हा विक्षिप्त झाले. सायकलवरून शाळेत जाऊ लागले तेव्हा तऱ्हेवाईक. पेन्शनीत निघाल्यावर तुझ्या माडीवर येऊन न राहता इथे घाटंजीत दोन खोल्या घेतल्या, तेव्हा चक्रम. बढतीच म्हणायची. तू मात्र गोठ्यात ग्रामोफोन लावतोस. तबकडी वाजल्याशिवाय माझे बैल चाऱ्याला तोंड लावत नाहीत, असं तू तहसीलदाराला सांगितलंस, आणि तो बिचारा मान डोलावून चहा पिऊन गेला. तुला काय म्हणतात? हौशी. पुंडलिकराव म्हणजे वल्ली. बैलांना कोणी विचारलेलं नाही.

असो. झालं काय ते पुन्हा लिहिते, कारण तू ते सोयीने विसरशील.

सूनबाईच्या कळा सुरू झाल्या त्या दिवशी तुम्ही सगळे पुरुष पुसदच्या बैलबाजारात. निंदणाला आलेली मथुराबाई तिला बैलगाडीत घालून घाटंजीच्या दवाखान्यात घेऊन आली. सगळी वाट सूनबाईचं डोकं तिच्या मांडीवर होतं. 'तिच्यामुळं नातवाचं तोंड दिसलं,' हे तूच मला सांगितलंस, डोळे पुसत. आणि बारशाच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणालास, मथुराबाईचं पान परसात वाढ. मी म्हटलं, पाच वर्षांपूर्वी बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून ती कोणाच्या परसात जेवत नाही. तू म्हणालास, "मंग काय आत बसवतं तिले?" मी म्हटलं, हो. तू हसलास. तुला वाटलं, ताई बोलते तशी बोलली.

माझ्या पाटाशेजारी मी तिचा पाट मांडला. ती बसली. तुझ्या विहीणबाईंनी पानावरचा हात मागे घेतला. तेवढ्यात तू दारातून, "विहीणबाई, तुमी मनावर नोका घेऊ. आमची ताई पयलेपासूनच जराशी चक्रम हाय."

सगळ्या हसल्या. मथुराबाई उठली, आपलं पान आपणच उचललं आणि बाहेर गेली. मग बासुंदी आली.

तू म्हणशील, ताई, मी तुझी लाज राखली. तुझा हेतू मला कळतो. विहीणबाई जेवल्या, माझ्यावर कोणी चिडलं नाही, तुझं कार्य पार पडलं. पण बोलावणारी वेडी ठरली, की सगळा दोष येणारीच्या पदरात पडतो, हे तुझ्या डोक्यात आलं नाही. वेडीनं बोलावलं तरी हिला कळत नव्हतं का, असं आता तुझं गाव म्हणतं. मथुराबाईला चक्रम कोणी म्हणालं नाही. तिला म्हणतात माजली.

परवा बाजारात ती मला दिसली. वेचणीच्या ऐन दिवसांत बाजारात कशी, म्हणून विचारलं. परक्या गावचं काम मिळतं का बघत होती. तुझ्या शेताच्या बांधावरून रामलालने तिला परत पाठवलं, चार बायांदेखत. "जिले मालकाच्या पंगतीत पाट लागते, तिनं कपाशी कायले वेचा लागते?" तुझा मुकादम विनोदी आहे. त्याला हे बोलायला तू सांगितलं नसशील. सांगायची गरजही पडली नसेल.

मी तिला म्हटलं, मी पुंडलिकशी बोलते. ती म्हणाली, "तुमचं काय बाई, तुमाले हसून सोडून देतात."

पुढचं वाक्य मी दहा दिवस टाळते आहे, पण ते लिहिल्याशिवाय हे पत्र खोटं होईल. बारशाच्या सकाळी तिने मला सांगितलं होतं, "राहू द्या बाई. तुमचं हसं होईन, माही मजुरी जाईन." मी म्हटलं, मी शेजारी असताना कोण बोलतं बघू. तू बोललास आणि मी गप्प बसले. पुंडलिक, मला त्या शब्दाखाली राहायची सवय झाली होती. एकदा चक्रम म्हटलं की मला कोणी काही विचारत नाही. त्या दुपारीही कोणी विचारलं नाही, आणि मी बासुंदी खाल्ली.

तेव्हा आता तू विचार, काय करू म्हणून. मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात तोंडी माफी चालत नसे. काय केलं, कोणाचं नुकसान झालं, ते स्वतःच्या अक्षरात लिहून रात्रीच्या जेवणाआधी द्यावं लागे. तसंच लिही. की ताईने पूर्ण शुद्धीत, समजून उमजून मथुराबाईला पंगतीत बोलावलं, ती बोलावल्यावरून आली, आणि तिला वेचणीवर परत घेतलं आहे. ते रामलालकडून बांधावर मोठ्याने वाचून घे, त्याच चार बायांपुढे. मग मला पाठव.

भाऊबीज पुढच्या आठवड्यात आहे. उत्तर आलं तर ताट तयार ठेवते, तुझ्या आवडीच्या करंज्याही करते. नाही आलं तरी मी त्या दिवशी गावात येणार. तुझ्या दारावरून पुढे जाईन आणि मथुराबाईने बोलावलं तर तिच्याकडे जेवेन. विहीणबाईंनी विचारलं तर चक्रम म्हणू नकोस. ताई माझ्यावर रागावली आहे, असं सांग. तेवढं खरं बोल.

मंगळवार, ता. ७ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. त्याच्या आत, लेखी. निरोप घेऊन कोणाला पाठवू नकोस, मी दार उघडणार नाही.

तुझी,
पूर्ण शुद्धीवर असलेली,
विमलताई