पुढचं चाक जड का होतं

मामा, गेल्या महिन्यात मी तुमच्या मुलीच्या तीनचाकीचं पुढचं चाक उघडलं आणि तेव्हापासून तुम्हाला काही विचारायचं राहून गेलंय असं वाटत राहतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या बिबवेवाडीच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं शोरूम आहे आणि तिथे कधी भाड्याच्या सायकली लागायच्या, हे सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, असलं काही लिहायची सवय नाही. लिहिताना पेन गच्च धरला जातो तो वयामुळे की भीतीमुळे, ते मला कळत नाही. तुम्ही म्हणाला असता, भीतीमुळेच. पहिल्या दिवशी माझ्या हातात पाना दिलात आणि लगेच म्हणालात, "पाना धरलायस की साप?" पुढे मी तुमचा जावई झालो. "अरे"चं "अहो जावई" झालं, पण टोमणा तोच राहिला.

झालं असं, की तिचा उजवा खांदा धरला. हाताने दांडा फिरवून गाडी चालवायची म्हणजे सगळा भार खांद्यावर, आणि ती काही आता तरुण नाही. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी हात वर करायला लावला, तर कानापर्यंतही जाईना. ते म्हणाले, गाडी ओढणं बंद करा, नाहीतर हा हात वेणी घालायलाही वर जाणार नाही. तुमचा नातू कंपनीतून रात्री दमून येतो, संगणकावर काम करतो, चांगला पगार आहे. तो म्हणाला, आई, आता तो टेलिफोन बूथ बंद कर, कोण येतंय फोन करायला? ते खरंच आहे. अपंगांच्या कोट्यातून मिळालेल्या त्या बूथसाठी तुम्ही किती खेटे घातले होते. सुट्टीच्या दिवशी गावाकडे फोन लावायला माणसं रांगेत उभी राहायची. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन. पण ती तिथे रिचार्ज करून देते, झेरॉक्स काढते. खोल्या घेऊन राहणारी पोरं तिला काकू म्हणतात, कुणाचा इंटरव्ह्यू झाला, कुणाचा राहिला, सगळं तिला आधी कळतं. ती मुलाला एवढंच म्हणाली, "घरी बसून काय करू? खांद्याकडे बघत बसू?"

मला मात्र आतून बरं वाटलं होतं. आपल्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला उतरणारा तो उतार तुम्हाला आठवतो, पण आत्ताचा रस्ता तुम्ही पाहिलेला नाही. खाली बस वळते, कंपन्यांच्या गाड्या कुणाला न बघता घुसतात, आणि त्यात ही, कमरेइतक्या उंचीवर बसलेली. सकाळी ती निघाली की बूथवरून तिचा फोन येईपर्यंत माझ्याकडून काही होत नाही. गॅस बंद आहे का बघतो, मग परत बघतो. शेजारच्या वहिनी हसतात. त्यामुळे ती घरी बसली तर बरंच, असं मनात होतं, फक्त बोलून दाखवायची सोय नव्हती.

तेवढ्यात पुढचं चाक कटकट करायला लागलं. साखळी त्याच चाकाला, ब्रेकही त्याच चाकाला. ती म्हणाली, एकदा उघडून बघा, नीट होत नसेल तर मी घरी बसते, मग कुणाला काही बोलायची गरज नाही. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मी नुसतं म्हटलं असतं की हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, गेला, तर विषय तिथेच मिटला असता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला असता, कारण सायकलच्या कामात मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. दोन दिवस मी चाकाला हातच लावला नाही.

शेवटी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र अंथरून बसलो. ती ओट्याला टेकून लसूण सोलत होती, मधूनमधून बघत होती. तुम्ही दिलेला तो पातळ पाना अजून माझ्याकडे आहे. आस बाहेर काढली, छर्रे वाटीत काढून रॉकेलमध्ये धुतले आणि हबच्या आत दोन्ही बाजूंना बसवलेल्या वाट्या, म्हणजे कप, पुसून उजेडात धरले. दोन्हींत सगळीकडून खड्डे पडलेले. आसेच्या दोन्ही टोकांना आटे फिरवून आवळायचे ते कोन, त्यांची तर पार चाळण झालेली. हबच्या अंगावर नाव नाही, शिक्का नाही, नंबर नाही. ही गाडी अपंगांच्या शिबिरात मिळाली तेव्हा तिचं पुढचं चाक महिन्याभरात बसलं होतं, आणि तुम्ही जुन्या बाजारातून हा हब आणून नव्याने तारा बांधल्या होत्या, एवढंच मला आठवत होतं. तो कुठला ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

तारा सोडवून मी तो पिशवीत घालून फिरलो. पेठेतल्या मोठ्या दुकानात आता गिअरच्या सायकली काचेत उभ्या असतात, आयटीतले लोक रविवारी सिंहगडाकडे घेऊन जातात. तिथल्या मालकांनी हब उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "याचं आडनाव काय?" मी म्हटलं, नाव नाही त्याला. तर म्हणाले, "मग निदान गाव तरी सांगा, आजोबा. नाहीतर तुमच्याबरोबरच रिटायर करा याला." दुसऱ्याने नवीन हब दाखवला, पण तो आपल्या रिमला चालत नव्हता, भोकं कमी होती. एकाकडचा कोन माझ्या आसेवर दोन आटे गेला आणि अडला. प्रत्येक दुकानातून बाहेर पडताना मला वाईट वाटायचं आणि हायसंही वाटायचं, दोन्ही एकदम. घरी जाऊन सांगायला आता खरं कारण झालं होतं.

मग रविवारी जुन्या बाजारात गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. कदाचित तुमच्या भीतीने, की न शोधता नाही म्हणालो तर तुम्हाला कळेल. गोणपाटावर सुट्ट्या भागांचा ढीग घेऊन बसलेल्या एका बाईकडे पत्र्याचा डबा होता. तुम्ही शिकवलं होतं तसंच केलं. हबवर नाव नसेल तर त्याचा छर्रा घ्यायचा, कपात ठेवून बोटाने फिरवायचा. काठाला लागला तर कप दुसऱ्या जातीचा, तळाशी गुपचूप बसून फिरला तर आपला. बराच वेळ उकिडवा बसलो. बाई म्हणाली, "बाबा, घेताय का खेळताय?" शेवटी दोन कप जमले. आसही निघाली, तिच्यावर दोन्ही कोन होते, गंजलेले, पण आतून गुळगुळीत. घरी सांगायला कारण उरलं नाही. आता हब होणार होता.

घरी येऊन पुन्हा स्वयंपाकघरात बसलो, तीही लसूण घेऊन ओट्याशी. जुने कप ठोकून काढले, नवे ठोकून बसवले, तारा पुन्हा बांधल्या, ग्रीस भरून छर्रे लावले आणि कोन आवळायला घेतला. हात सवयीने गेला. लग्नानंतर या गाडीचं पहिलं ओव्हरऑइलिंग मी केलं तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात. मी कोन बेताने बसवला होता, चाक छान फिरत होतं. तुम्ही पाना घेऊन तो आणखी आवळलात आणि म्हणालात, "हे चाक हाताला जड लागलं पाहिजे. का ते विचारायचं नाही." मी विचारलं नाही. मला वाटलं, तीनचाकीला वजन जास्त, तिची रीत वेगळी असेल. तेव्हापासून दर वर्षी मी तसंच जड ठेवत आलो. आताही तसंच केलं, चाक फिरवलं, ते दोन फेऱ्यांत थांबलं. आणि समोर कागदावर जुने कप पडलेले, दोन्हींत सारखी खोल खाच. असले कप तुम्हीच मला दाखवले होते, एका गिऱ्हाइकाच्या सायकलचे. हा कोन कोणी आवळला, चाक आहे की दाराची कडी, म्हणून त्याला दुकानात सगळ्यांसमोर झापलं होतंत. जे कुठल्याही गिऱ्हाइकाला करू दिलं नाहीत ते तुम्ही स्वतःच्या मुलीच्या गाडीला मुद्दाम केलं होतंत. उताराला ती वेगात जाऊ नये म्हणून. आणि इतकी वर्षं ती तुमचा तो आवळलेला कोन खांद्याने ओढत होती.

माझं तोंड तिने पाहिलं असणार.

"बाबांनी आवळून ठेवलं होतं," ती म्हणाली. लसणावरची नजर काढली नाही.

मी विचारलं, तुला माहीत होतं?

"समोरच बसले होते मी. सायकलवाल्याची मुलगी ना मी? चाक जड का लागतंय ते कळणार नाही मला?"

मग कधी बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "चाक जड होतं म्हणून तर बाहेर सोडलं त्यांनी. हलकं मागितलं असतं तर गाडीच काढून घेतली असती. मग तुम्ही आलात. तुम्ही तर त्यांच्या वरताण." मग टरफलं गोळा करत म्हणाली, "आता मोकळं करा ते."

मामा, तुम्हीही भीत होतात हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही, भीती उलट वाढली. मला वाटायचं, मी भित्रा आहे म्हणून मला त्या उतारात काहीबाही दिसतं. पण तुमच्यासारखा माणूस भ्याला असेल, तर तिथे खरंच काहीतरी असणार. हेच तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही काय पाहिलं होतंत? की माझ्यासारखंच, काहीही न पाहता भ्यालात? आता ते सांगायला तुम्ही नाही, आणि हा कागद पाठवायचा तरी कुठे.

कोन मी मोकळा केला. ब्रेकला नवी रबरं घातली, तार बदलली, नटांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. चाक फिरवलं तर थांबेचना, मीच हात लावून थांबवलं. खांद्याचं म्हणाल तर ती काल म्हणाली, पहिल्यापेक्षा बरा आहे, अजून दुखतो. बूथ चालू आहे. रोज सकाळी मी गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्याबरोबर जातो, हे तिला आवडत नाही. लोकांना वाटतं मी तिला जाताना बघत उभा असतो. खरं तर गाडी उताराला लागली की मी भिंतीकडे तोंड करतो. चाक मोकळं झाल्यापासून ती उतरताना कशी दिसते, हे मी अजून एकदाही पाहिलेलं नाही.