आल्याचा केक आणि शेवटची दोन पानं

गॅनेट पॉइंट, टास्मानिया
१४ मे

प्रिय ग्लेनिस,

हे पत्र मी मोठ्या अक्षरात, एक ओळ सोडून एक लिहिते आहे. कागद फार लागतोय, पण लागू दे. असं का, ते शेवटी कळेल. फोन करून पाहिला दोनदा. तुझी लिनेट म्हणाली, "आई झोपलीय." सकाळी अकरा वाजता! चाळीस वर्षांत तू सहानंतर अंथरुणात राहिलेली मला आठवत नाही. तेव्हा म्हटलं, पत्रच बरं. पत्राला "झोपलीय" म्हणून परतवता येत नाही.

तू जानेवारीत निरोपसुद्धा न घेता तिकडे केर्न्सला निघून गेलीस, त्याला आता चार महिने होऊन गेले. इथे थंडी पडली आहे. वाचनालयाच्या दारातला फळा वाऱ्याने तीनदा पडला, म्हणून मी त्याच्या पायाला वीट बांधली. रोज नऊ वाजता प्रश्न लिहिते, लोक आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात, संध्याकाळी मी गुण मांडते. सगळं पूर्वीसारखं, फक्त मजा गेली. परवा विचारलं, मागे उडता येणारा पक्षी कोणता? अकरा चिठ्ठ्या आल्या आणि अकराही बरोबर. एकानेही दार ढकलून आत येऊन "हा कसला भिकार प्रश्न" म्हणून माझं डोकं खाल्लं नाही. मला अगदी निवृत्त झाल्यासारखं वाटलं. खरं तर मी निवृत्तच आहे, पण तू असताना ते जाणवत नव्हतं.

तुझ्या सभागृहाला कुलूप आहे. शनिवारचा चित्रपट तू गेल्यापासून बंद. क्लॉडने एकदा ते यंत्र चालवायचा प्रयत्न केला. उत्तम खाटीक असला तरी चित्रपट त्याने उलटा लावला, आणि लोकांनी वीस मिनिटं तो तसाच पाहिला, कारण त्यांना वाटलं परदेशी असेल.

आपलं भांडण मला फार आठवतं गं. माझं म्हणणं, कादंबरी वाचताना नायकाचं नाक आपण आपल्या पसंतीने बसवतो, आणि मग चित्रपटवाले कुठल्यातरी भलत्याचंच नाक आणून डकवतात. ते एकदा डकवलं की निघत नाही. तुझं उत्तर ठरलेलं: "तुझ्या पुस्तकातली बाई दार उघडायला तीन पानं घेते. माझ्याकडे दार उघडतं, पाहुणा आत येतो आणि चहा पिऊन जातोसुद्धा." मी म्हणे, चित्रपटवाले कथेचं हाडूक तेवढं ठेवतात. तू म्हणायचीस, सूप हाडकाचंच होतं.

आणि मग ती दीपगृहाची कादंबरी. तिचा चित्रपट आपल्याच किनाऱ्यावर झाला, त्यात क्लॉडच्या वडिलांचा मेंढा दोनदा दिसतो, म्हणून गावाला ती आपल्या घरचीच वाटते. कादंबरीत सासूच्या बोलण्याला कंटाळून नायिका विनी बोटीत बसते, बोट सुटते, संपलं. चित्रपटात मात्र ती परत येते. तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की हा शेवट चित्रपटवाल्यांनी तिकिटं खपवायला चिकटवला. बायकांच्या मंडळात मी त्यावर भाषणही दिलं होतं, "अपुऱ्या शेवटाचं धैर्य" म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. गावाने वाचली ती वाचनालयातली एकच प्रत, तेव्हा वाद घालणार कोण?

तू घातलास. डिसेंबरचा शेवटचा प्रश्न: विनी परत येते ती कादंबरीत, चित्रपटात, की दोन्हींत? तुझी चिठ्ठी: दोन्हींत. मी चूक दिली. त्या एका गुणाने तुझं नाताळचं हॅम गेलं आणि क्लॉड जिंकला, म्हणजे दरवर्षी जे हॅम तो बक्षीस म्हणून देतो, तेच उचलून स्वतःच्या घरी घेऊन गेला. तू बक्षीस समारंभात सगळ्यांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी वाचलंय ते." आणि मी, हातात शेरीचा तिसरा ग्लास, काय बोलले ते तुलाही पाठ असेल. "ग्लेनिस, तू आयुष्यात एक पुस्तक तरी शेवटपर्यंत वाचलंयस का?" लोक हसले. मीही हसले. तू पर्स उचललीस.

आता गेल्या मंगळवारचं ऐक. क्लॉडचा सत्तरावा वाढदिवस, म्हणून म्हटलं तुझा आल्याचा केक करावा. पाककृतींचा पत्र्याचा डबा उपसला. तळाशी माझ्याच अक्षरात, फोनवर तू सांगितलेली कृती सापडली: काकवी, सुंठ, दोन अंडी, "ओव्हन उघडून बघत बसू नकोस, नोलीन." कागद पिवळा पडलेला. उलटून पाहिला तर मागे छापील मजकूर. सोबत आणखी एक पान. तीनच छापील पृष्ठं, आणि पहिल्याच ओळीत विनी बोटीतून उतरत होती.

मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. हळूहळू सगळं आठवलं. पुस्तकाची शिवण सुटून शेवटची दोन पानं हातात आली होती, डिंकाने चिकटवायची म्हणून मी ती घरी आणली होती, तेवढ्यात तुझा फोन आला आणि समोर दिसला तो कोरा भाग मी वापरला. मी स्वतः ती कादंबरी वाचली ती त्यानंतर, आणि आधीचं प्रकरण नेमकं बोट सुटते तिथेच संपतं, म्हणून मला किंवा कुणालाच काही उणं वाटलं नाही. तीस वर्षं मी गावाला शेपूट छाटलेलं पुस्तक वाचायला दिलं आणि वर त्याच्या धैर्यावर भाषणं ठोकली! कुणी दुसऱ्याने हे केलं असतं तर मी त्याचं सभासदत्व रद्द केलं असतं.

पण मी जमिनीवरून लगेच उठले नाही ते वेगळ्याच कारणाने. एकदा भांडी पुसताना तू म्हणाली होतीस, लग्नाआधी पाय मोडून बर्नी गावच्या इस्पितळात होतीस तेव्हा सहा आठवडे बोट ठेवून ठेवून एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलंस, आयुष्यातलं एकमेव. अक्षरं उड्या मारतात, म्हणालीस. मी हसून ताट तुझ्या हातात दिलं. कुठलं पुस्तक, हेसुद्धा विचारलं नाही. आणि तो चित्रपट तू सभागृहात पहिल्यांदा लावलास तेव्हा बोट सुटायच्याही आधी तू रडायला लागली होतीस, कारण शेवट तुला ठाऊक होता. फळा सुरू झाल्यापासून अकरा वर्षं तू रोज सकाळी त्याच्यापाशी येऊन म्हणत होतीस, "वाच गं जरा, चष्मा घरी राहिला." चष्मा तुझ्या गळ्यात लटकत असायचा. मी इतकी हुशार बाई, मला तो एकदाही दिसला नाही.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून ही मोठी अक्षरं. घाई करू नकोस, सहा आठवडे लागले तरी चालतील. तुझं उत्तर बरोबर होतं. काल मी तसं फळ्यावर लिहिलं, खाली माझं नाव घालून, आणि क्लॉडला नवीन हॅम सांगून ठेवलंय, कारण जुनं त्याने केव्हाच संपवलं. ती दोन पानं मी पुस्तकात चिकटवली आहेत. त्यांत विनी दारात येते, सासू एक शब्द न बोलता किटली चढवते आणि कादंबरी संपते. छान आहे, पण मी मूळ कथेत थोडा बदल करणार आहे. तू ये, मी आधी माफी मागीन, सगळ्यांसमोर, आणि मग किटली चढवीन. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता फळ्यापाशी ये. चष्मा घरी राहिला असेल तर प्रश्न मी वाचून दाखवीन.

तुझीच,
नोलीन