ओके दाबायच्या आधी

बाई, विद्यानगरच्या प्रयोगशाळेतली ती शनिवारची दुपार आठवते. दारासमोरच्या व्हरांड्यात, काचेतून यंत्र दिसेल अशा जागी, आपण दोघी डबे उघडून बसलो आहोत. माझ्या डब्यात ब्रेड-जॅम, तुमच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि स्टीलच्या छोट्या वाटीत अंबाडीची चटणी. "कॉन्व्हेंटवाल्यांनी तुला जेवायला काही शिकवलं नाही," असं म्हणून तुम्ही वाटी माझ्याकडे सरकवता. तेवढ्यात आत संगणक वाजतो. मी धावत जाते, पडद्यावर आलेल्या चौकटीतलं 'ओके' दाबते आणि चौकट नाहीशी होते. तुम्ही मागून येता, चटणीचा हात तसाच वर धरलेला. "काय लिहिलं होतं?" मी वाचलेलंच नसतं. "दारात आलेल्याचं ऐकून न घेता दार लावून घेतलंस की!" त्या दिवसापासून आपल्या खोलीचा तो नियमच झाला. ओके दाबायच्या आधी मोठ्याने वाचायचं. एकीवर एक चौकटी आल्या असतील तर त्या बाजूला सारून सगळ्यात खालची, म्हणजे सगळ्यात आधी आलेली, ती पहिल्यांदा वाचायची. "शेवटी ओरडतो त्याची मानगूट धरू नकोस. सुरुवात कुणी केली ते बघ." शाळेत सिस्टर आम्हाला उभं करून, पुस्तक छातीशी धरून धडा वाचायला लावायच्या. मी तशीच ताठ उभी राहून ते इंग्रजी एरर मेसेज वाचायची आणि तुम्ही हसून म्हणायचात, "यंत्रालाही बरं वाटत असेल गं."

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे तुम्हालाच सांगायचं आहे. आता दोन प्रयोगशाळांची एक केली आहे. साहेब त्या दुसऱ्या प्रयोगशाळेतले आले, आणि सगळे संगणक एका नव्या कार्यालयाच्या ताब्यात गेले. खुर्च्या, कपाटं, बादल्या, सगळ्यांवर नंबरांचे स्टिकर लागले. त्याच सुमाराला आपलं यंत्र मधेच बंद पडू लागलं. औषधांच्या नमुन्यातले घटक वेगळे करत तासन्‌तास आपलं आपण चालणारं ते यंत्र, मी शेजारी बसले की नीट चालायचं आणि मी व्हरांड्यात डबा उघडला की थांबायचं. वरच्या चौकटीत लिहिलेलं असायचं, पंप बंद. साहेबांनी एवढंच पाहिलं आणि ठरवलं की मॅडम सीटवर नसतात. एक कागद तयार होऊन आला: बिघाड चालवणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे. खाली सही माझी हवी होती. सही केली की यंत्र भंगारात आणि मी रेकॉर्डच्या खोलीत. अटेंडर तर समजावतच बसला, "कर दो ना अम्मा सायन, कायकू झगडा? पंखे के नीचे की जगा है वो."

मला पंखा नको होता, बाई. ज्या टेबलाशी तुम्ही मला उभी केलीत, तिथून हलगर्जी म्हणून उठायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजलं. नवी तेलुगू मुलगी आहे, हुशार आहे, पण बोट सदा ओकेवर. "दबा दूँ मॅडम?" "नक्को! पहले पढो. जोर से." ती लाजत लाजत वाचायला लागली. वरची चौकट, पंप बंद. ती बाजूला सारली; खाली, काम अर्धवट थांबवलं. तीही सारली, सगळ्यात खाली, संगणकाचा यंत्राशी संपर्क तुटला. म्हणजे पंप बिचारा शेवटी ओरडला होता. हात आधी सोडला होता तो संगणकाने. का सोडला असेल? आम्ही काम पुन्हा चालू केलं आणि दोघी हात मांडीवर ठेवून, कशालाही न शिवता बसून राहिलो. थोड्या वेळाने पडदा काळा झाला आणि लगेच यंत्र थांबलं. नव्या कार्यालयाने विजेच्या बचतीसाठी सगळ्या संगणकांना झोप लावून दिली होती. कुणी हात लावला नाही की संगणक झोपतो, आणि झोपताना यंत्राला सोडून देतो. मी शेजारी असले की माझा हात आपोआप माउसवर फिरायचा, म्हणून तो जागा राहायचा.

आमच्या संगणकाची ती झोप बंद केली आणि सगळे नमुने शेवटपर्यंत चालले. साहेब म्हणाले, "गुड. लेकिन मॅडम, रिपोर्ट ऊपर जा चुकी है. साइन तो करनी पडेगी. आपकी भी उमर हो गई, आराम की सीट दे रहे हैं." मी उभी राहिले. कागद छातीशी धरला आणि सिस्टरांनी शिकवलं तसं, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हटलं, "साब, सुरुवात मैंने नहीं की. और आराम के लिए मेरे घर में पलंग है." कागद सहीशिवायच त्यांच्या टेबलावर ठेवला.

बदली झालीच. सोमवारपासून मी रेकॉर्डमध्ये. होऊ दे. यंत्र भंगारात गेलं नाही, आणि त्या कागदावर माझी सही अजूनही नाही, कधी होणारही नाही. डबा मी त्याच व्हरांड्यात खाणार आहे. बघू कोण उठवतं ते.

वाटणी करून टाकली आहे. बारीक अक्षरं वाचायचं तुमचं भिंग त्या मुलीला. स्टूलही तिलाच, एक पाय आखूड आहे म्हणून खालच्या पुठ्ठ्याच्या घडीसकट. टेबलावरचा छोटा पंखा अटेंडरला. पंख्याचं त्याला फार कौतुक. हे पत्र कुणालाच नाही. आबिड्सच्या मोठ्या पोस्टातही तुमचा पत्ता मिळायचा नाही.

आणि तुमची चटणीची वाटी. तुमच्यामागे ती कपाटातच राहिली होती. स्टिकरवाल्यांनी तिच्यावरही नंबर चिकटवला, अटेंडर हसून म्हणाला, "ये भी सरकारी हो गई क्या अम्मा?" ती मी घरी आणली आहे. स्टिकर अजून काढलेला नाही, आणि खरं सांगते बाई, गेटपास घेतला नव्हता. पदराखालून आणली.