भिंतीवरचा माझा कागद

प्रिय ब्रेना,

चर्च सुटल्यावर आपण जेवायला बसतो तेव्हा तुझी खुर्ची हल्ली रिकामी असते. तुझी आजी आधी त्या खुर्चीकडे बघते, मग माझ्याकडे, जसं काही मीच तुला दारातून हाकललं. परवा तर तिने रुबार्बचा पाय, तुझी ती आवडती आंबटगोड पेस्ट्री, भाजला आणि अर्धा झाकून ठेवला. मी हात लावला तर म्हणाली, "तो पोरीचा आहे, ऑर्व्हिल. ती आली तर खाईल, नाही आली तर मी खाईन, पण तुला मिळणार नाही." अशा घरात मी राहतो. तेव्हा निदान त्या पायसाठी तरी ये.

तुझी आई म्हणाली की तू नेमबाजी क्लबच्या किल्ल्या परत देणार आहेस आणि शनिवारचा पिस्तुलाचा वर्ग बंद करणार आहेस. कारण काय, तर स्वतःच्या आजोबांना सगळ्यांसमोर नापास केलं, आता गावाला तोंड कसं दाखवू. पोरी, तोंड लपवायचंच तर मी लपवायला हवं. मी तर रोज सकाळी शेतकऱ्यांच्या को-ऑपच्या दुकानात त्याच बाकावर बसून कॉफी पितो.

लोक बोलतात, ते खरं आहे. आपल्या क्लबातला डेल्मर तर तिथे माझी वाटच बघत होता. "काय रे, नातीने कान धरून बाहेर काढलं म्हणे?" मी म्हटलं, कान नाही, पिस्तूल धरून. मग तो पेटलाच. "कमरेला झाकून पिस्तूल बाळगायला आता परवाना लागत नाही, शिक्षण लागत नाही. खुद्द राज्याने तसा कायदा केलाय. शेरीफ विचारत नाही, गव्हर्नर विचारत नाही, मग ही पोरगी कोण टिकोजीराव लागून गेली?" त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही, हे तुलाही ठाऊक आहे. हक्काला परीक्षा कसली, मत द्यायला परीक्षा घेता का, प्रार्थना करायला घेता का, हे मीसुद्धा त्याच बाकावर बसून त्याच्याइतक्याच मोठ्याने बोललेलो आहे. डेअरीवर काम करणारी ती लेसी आठव. नवरा दारू पिऊन दारावर लाथा मारत होता. जुना कायदा असता तर तिला वर्गाची वाट बघत बसावं लागलं असतं. त्या दिवशी पिस्तूल घेताना तिला कोणी अडवलं नाही हे बरंच झालं. पण त्याच दुपारी तू क्लबचा हॉल उघडलास, तिला एकटीला संध्याकाळपर्यंत शिकवलंस आणि पिस्तूल स्वतःच्या पोराच्या हाती लागणार नाही असं कुठे ठेवायचं तेही दाखवलंस. डेल्मर म्हणतो कायदा हवा की नको. तू वाद घालत बसली नाहीस, तू दार उघडलंस. कायद्याने शिकणं सक्तीचं असावं की नाही यावर माझं मत वर्षागणिक बदलत आलंय. शिकावं की नाही, यावर कधीच बदललं नाही.

तू एकवीस वर्षांची होऊन पहिल्यांदा माझ्या वर्गात आलीस तो दिवस मी अजून डोळ्यांसमोर आणू शकतो. सगळ्या वर्गात तुझाच नेम उत्तम. कागदाच्या मधोमध एवढंसं भोक, त्यातूनच सगळ्या गोळ्या गेलेल्या. आणि तू काय केलंस, तर "आजोबा, बघितलंत?" म्हणत पिस्तुलासकट गर्रकन वळलीस. त्या नळीने मला आणि माझ्यामागच्या अख्ख्या बाकाला सलाम ठोकला. मी तिथल्या तिथे नापास केलं. तू रडकुंडीला येऊन म्हणालीस, "पण सगळ्या गोळ्या मधे लागल्यात!" मी म्हटलं, गोळ्या कागदावर लागल्या, नळी मात्र माझ्या पोटावरून फिरली. तुझ्या आजीने तेव्हाही मला असंच उपाशी मारलं होतं. "सख्खी नात आहे, जरा डोळेझाक केली असती तर आभाळ कोसळलं असतं का?" मला तेव्हा फार वाईट वाटलं, पण तुला कधी बोललो नाही. पुढच्या महिन्यात तू परत आलीस, न बोलावता, आणि पहिल्या बाकावर बसलीस. त्या दिवशी मी ठरवलं की माझ्यानंतर हा वर्ग तूच घेशील.

आता त्या शनिवारचं. दर वसंतात जुन्या सभासदांनीही पुन्हा परीक्षा द्यायची, शिकवणाऱ्यानेसुद्धा, हा नियम मीच घातलेला. तेव्हा सगळ्यांनी मला शिव्या घातल्या होत्या. तू म्हणालीस, "आजोबा, पिस्तूल रिकामं करून दाखवा." जे काम मी लोकांना झोपेतही करायला लावलंय तेच. आधी खालून गोळ्यांचं मॅगझीन काढायचं, मग वरची स्लाइड मागे ओढून नळीतली गोळी पाडायची, मग आत डोकावून बघायचं. मी आधी स्लाइड ओढली. गोळी पडली, मी मॅगझीन काढलं आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, रिकामं. हा क्रम उलटा झाला की मॅगझीनमधली दुसरी गोळी गुपचूप नळीत चढून बसते, हे मी हजारदा फळ्यावर लिहिलंय. आणि आत डोकावलोही नाही.

तू ओरडली नाहीस. "आजोबा, टेबलावर ठेवा. हात मागे घ्या," एवढंच म्हणालीस. मग तू स्लाइड ओढलीस आणि ती गोळी टेबलावरून गडगडत डेल्मरच्या कॉफीच्या कपाला जाऊन टेकली. डेल्मर हळूच म्हणाला, "होतं गं एखाद्या वेळी, म्हातारा माणूस आहे." तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. माझ्या निशाणाच्या कागदावर 'नापास' लिहिलंस, खाली 'क्रम चुकला, आत पाहिलं नाही' असं कारण लिहिलंस आणि तारीख घातलीस. पोरी, त्या क्षणी मला लाज वाटली हे खोटं नाही, पण लाजेच्या वर काहीतरी चढत होतं, आणि तो अभिमान होता हे मला गाडीत बसल्यावर कळलं. कायदा विचारत नव्हता, शेरीफ विचारत नव्हता, समोर तुझाच आजोबा होता, आणि तरी तू विचारलंस. इतकी वर्षं मी जे शिकवलं ते एका तरी माणसाच्या हाडात मुरलं. डेल्मरला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय." ते कसं अर्धं खरं आहे, ते पुढे सांगतो.

तू माझा कागद टेबलावरच ठेवून गेलीस. का, ते मला कळलं. आपल्या क्लबची रीत आहे की नापासाचा पहिला कागद कॉफीच्या किटलीमागच्या भिंतीवर जातो, नाव आणि कारणासकट, आणि माणूस पुढे पास झाला तरी तो तिथून कधी उतरत नाही. डेल्मरचा आहे, 'बोट चापावर'. तुझा आहे, 'नळी लोकांवर'. फक्त माझा नव्हता. मी सैन्यात शिकून आलेला, इथे मला नापास करणारा कोणी नव्हता, आणि त्या भिंतीवर आपलं नाव नाही याचा मला आतून तोरा होता. सोमवारी मी हॉलवर गेलो, स्टूलवर चढलो (आजीला सांगू नकोस) आणि माझा कागद तुझ्या कागदाशेजारी लावला. तुझ्या अक्षरातला 'नापास' दुरूनही स्पष्ट दिसतो. छान दिसतोय, येऊन बघ.

पिस्तूल आता पोलादी कपाटात आहे आणि कुलपाचे आकडे आजीने बदललेत. ते कमरेला नसल्याने उजवी बाजू हलकी लागते, को-ऑपमध्ये चालताना मी एका अंगाला कलतोय असं वाटतं. सवय होईल.

आता ते राहिलेलं. त्या शनिवारनंतर आजी मला डे मॉइन शहरात डॉक्टरकडे घेऊन गेली. तिने आधीच पाहिलं होतं म्हणे, चष्मा ब्रेडच्या डब्यात, ट्रकची किल्ली फ्रीजमध्ये, मी ते हसण्यावारी नेत होतो. डॉक्टर म्हणाला, विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, पुढे वाढेल. म्हणजे तू जे पकडलंस ते आमच्यापैकी कोणी उघड्यावर आणायला तयार नव्हतं. तेव्हा किल्ल्या परत द्यायचं नाव काढू नकोस. आणि आज माझं डोकं स्वच्छ आहे म्हणून हे आजच लिहितोय. एक दिवस येईल, मी तुझ्या दारात उभा राहून माझं पिस्तूल मागेन. मला सगळं येतं म्हणेन, हा माझा हक्क आहे म्हणेन, डेल्मरपेक्षा मोठ्याने ओरडेन, तुला नाही नाही ते बोलेन. त्या दिवशी वाद घालू नकोस, रडूही नकोस. हे पत्र माझ्या हातात दे. अक्षर माझं आहे, ते मी ओळखेन. आणि वाचता वाचता विचारलं की हे खरंच मी लिहिलं का, तर मला हॉलवर ने, भिंतीसमोर उभा कर आणि सांग, हो आजोबा, आणि तेव्हा तुम्हाला माझा फार अभिमान वाटला होता.

तुझाच, तू नापास केलेला,
आजोबा